म्यूले आर८९ : अण्णांच्या दाढीसाठी घेतलेला रेझर

अण्णा एक्क्याऐंशीचे झाले. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. एका सकाळी हनुवटीखाली चांगलंच कापून घेतलं, तेव्हापासून त्यांची दाढी मी करतो. त्यांची अट एकच होती, "ते तीन-तीन पात्यांचं प्लास्टिक माझ्या तोंडाला लावायचं नाही." साठ वर्षं त्यांनी दुधारी ब्लेडनंच दाढी केलेली. मी मात्र वीस वर्षं तेच प्लास्टिकचं, म्हणजे कार्ट्रिज, वापरणारा. म्हणून आधी दोन महिने स्वतःच्या गालावर शिकलो, मग त्यांच्या गालाला हात लावला.

पहिला रेझर बाजारातून दोनशे रुपयांना आणला होता, त्याचं नाव घेत नाही. ब्लेड बसवून टोपीच्या वरून बघितलं, तर एका बाजूला धार जास्त बाहेर आलेली आणि दुसऱ्या बाजूला दिसेना. मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो. टूल वाकडं बसलं की जॉबचं काय होतं हे रोज बघतो, तरी तो रेझर गालावर फिरवला आणि कल्ल्याखाली दोन ठिकाणी रक्त काढलं. तो कपाटात टाकला आणि हा म्यूले आर८९ मागवला. कुरियरसकट साडेतीन हजारांच्या आत-बाहेर गेला.

म्यूले ही जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या श्टुट्झेनग्र्यून गावची कंपनी, १९४५ साली सुरू झालेली. आधी त्यांचं काम दाढीच्या ब्रशचं. आर८९चे तीन तुकडे होतात : टोपी, खालची पट्टी आणि दांडा. पट्टी दात्यांची नाही, सलग आहे, आणि शिकणाऱ्याला तीच बरी. वजन साधारण साठ-पासष्ट ग्रॅम. दांडा फिरवून आवळला की ब्लेड दोन्ही बाजूंना सारखंच बाहेर येतं. पहिल्या दिवशी भिंग घेऊन तपासलं, मग महिनाभर दर ब्लेडला तपासलं. एकदाही तिरकं बसलं नाही. पैसे याचेच आहेत, असं मी मानतो.

ब्लेड केवढं पातळ असतं? जेमतेम ०.१ मिलिमीटर. एवढा पातळ पत्रा मोकळा धरला तर केसावर थरथरेल. टोपी त्याला कमानीसारखं वाकवून आवळते आणि त्या बाकामुळे धार ताठ होते. किंग कॅम्प जिलेटला १९०४ साली या रेझरचं पेटंट मिळालं, पण इतकं पातळ पोलाद कडक करून धार लावायची रीत विल्यम निकर्सन नावाच्या इंजिनिअरनं बसवली. माझ्यासारख्या कातकाम करणाऱ्याला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता कोनाचं. सगळीकडे ३० अंश लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे, धार कातडीला साधारण तेवढीच तिरकी लागायला हवी. पण गालावर कोनमापक लावून कोण बघणार? कार्ट्रिजचं डोकं खिळीवर हलतं, कोन तेच शोधून घेतं. त्यामुळे वीस वर्षांत माझ्या मनगटाला कोन म्हणजे काय ते कळलंच नव्हतं. दोन खोडी मात्र लागल्या होत्या, दाबायची आणि लांब हात मारायची.

कोन सापडला तो असा. फेस लावलेल्या गालावर नुसती टोपी टेकवायची, दांडा गालाशी काटकोनात, सरळ बाहेर. असा रेझर ओढला तर काहीच कापत नाही, टोपी फेसावरून घसरत जाते. मग बोटभर ओढ घेत दांडा थोडा-थोडा खाली आणायचा. एका जागी खर्रर्र असा बारीक, कोरडा आवाज सुरू होतो. कोन तिथंच आहे. टोपीची कड आणि पट्टीची कड दोन्ही कातडीला टेकलेल्या असतात आणि मधून धार केस घेत जाते. दांडा आणखी खाली, चेहऱ्याच्या जवळ नेला की आवाज बदलतो, कातडी खरवडल्यासारखा येतो आणि संध्याकाळपर्यंत गालाची आग होते. लेथवर असंच असतं. टूल घासायला लागलं की डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं.

म्हणून दाढी करताना मी पंखा बंद करतो, नळ बंद करतो, आईला मिक्सर थांबवायला सांगतो. रेझर पोकळ प्लास्टिकचा नाही, धातूचा आहे, त्यामुळे आवाज स्वच्छ येतो. मला या रेझरचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटला.

दुसऱ्याची दाढी करायला घेतली तेव्हा या आवाजाची खरी किंमत कळली. स्वतःच्या गालावर टोचलं, ओढलं तर लगेच कळतं. अण्णांच्या गालावर मला काहीच जाणवत नाही. त्यांना खुर्चीत बसवतो, डोकं मागं भिंतीला, मानेमागं टॉवेलाची गुंडाळी. पहिल्या दिवशी मी इतका घाबरलो होतो की दांडा आवळून धरला होता. अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "दाबू नको रे. त्याच्या वजनानं जाऊ दे की. आणि आवाज ऐक."

म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, हे कुठंच कोणी नीट सांगत नाही. मनगटानं कोन कितीही नेमका धरा, ब्लेडखाली सुरकुती आली की कोन गेलाच. उतरत्या बाजूला धार नुसती तरंगते आणि चढत्या बाजूला रुतते. म्हणून डाव्या हाताची दोन बोटं कानापाशी ठेवून गाल वर ताणायचा आणि ताणलेल्या तेवढ्याच जागेवर एक इंचाचा हात मारायचा. रेझर उचलायचा, धुवायचा, बोटं सरकवायची, पुन्हा ताणायचं. जबड्याच्या हाडावर तर इंचभरसुद्धा नाही. तिथं गाल संपून गळा सुरू होतो, पृष्ठभागच वळतो, आणि त्याच्याबरोबर दांडाही वळवावा लागतो. गळ्यावर अण्णांचे केस आडवे उगवतात, कानाकडून घाटीकडे. ते बोट फिरवून आधी बघून घेतो. दोनदा सुलटा हात, म्हणजे केस उगवतात त्या दिशेनं, मध्ये पुन्हा फेस. उलटा हात मी त्यांच्यावर मारत नाही. शेवटी ओली तुरटी फिरवतो. कुठं झोंबलं ते त्यांनी सांगितलं की त्या जागी माझा कोन चुकला होता एवढं समजतं.

ब्लेडबद्दल थोडं. जपानी फेदर फार धारदार, पण हात बसल्याशिवाय घेऊ नका, ती चुकीला माफ करत नाही. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी सेव्हन ओ'क्लॉक वापरतो, दर चार दाढ्यांना नवी. कार्ट्रिजच्या मानानं खर्च अगदी किरकोळ.

एक खोट मात्र आहे आणि ती साधी नाही. दांड्यावर बारीक नक्षी कोरलेली आहे, पण वरून चकचकीत क्रोम, साबणाचा हात लागला की घसरतो. स्वतःची दाढी करताना हे चालून जाईल. दुसऱ्याच्या गळ्यावर ब्लेड असताना चालत नाही. मी दर दोन हातांनी बोटं कोरडी पुसतो आणि तुरटीचा खडा चिमटीत घासून घेतो, त्यानं पकड येते. खरबरीत, खोल खाचांचा दांडा असता तर या रेझरला मी काहीच नावं ठेवली नसती. खाचांचा दांडा मिळाला तर तो घ्या, डोकं मात्र हेच घ्या.

ज्यांना सकाळी तीन मिनिटांत दाढी उरकून बस गाठायची आहे, त्यांनी कार्ट्रिजच वापरावं. आम्हाला दोघांना रविवारी आणि गुरुवारी पंचवीस मिनिटं लागतात.

कालच्या गुरुवारी तुरटी झाल्यावर अण्णांनी थरथरता हात वर नेला आणि बोटांची मागची बाजू जबड्यावरून फिरवली, डावीकडून उजवीकडे, सावकाश. उजव्या कानाखाली थांबले. "इथं राहिलंय बघ." मी पुन्हा फेस लावला, कातडी ताणली, पंखा पुन्हा बंद केला.