जाहिरात की चालू सीन? रोलप्लेसाठी नवा जोडीदार निवडताना

मजकुरातून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेमध्ये, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पात्राचे लिहीत मिळून कथा पुढे नेण्याच्या खेळात, नवा जोडीदार मिळवायचा असेल, तर रेडिट किंवा डिस्कॉर्डवर ‘जोडीदार हवा’ अशी जाहिरात द्यावी, की एखाद्या मशवर (अनेकांनी एकाच वेळी मजकुरातून खेळायच्या ऑनलाइन जगात) पात्र तयार करून तिथे चालू असलेल्या सीनमध्ये सामील व्हावे, हा प्रश्न अनेकांना पडतो. मी दोन्ही मार्गांनी बराच काळ खेळलो आहे.

जाहिरातीचे फायदे खरे आहेत. कथेचा प्रकार, उत्तरांची लांबी आणि वर्ज्य विषय आधीच ठरवता येतात. दोघांनी एकाच वेळी ऑनलाइन असण्याचीही गरज नसते. तुमचा विषय अगदी विशिष्ट असेल किंवा कामाच्या वेळा अनियमित असतील, तर कदाचित हाच मार्ग तुम्हाला सोयीचा पडेल.

माझा निर्णय मात्र एका गोष्टीने झाला. जाहिरातीसोबत येणारा लेखनाचा नमुना त्या व्यक्तीने एकटीने लिहिलेला असतो. समोरच्याने पुढे केलेला धागा ती उचलते की नाही, हे त्यातून कळत नाही. एका कथेत माझ्या पहारेकऱ्याने जप्त केलेले पत्र अंगरख्यात लपवले आणि “इथे कोणीही आले नव्हते” एवढेच तो बोलला. जोडीदाराने पुढच्या उत्तरात, अतिशय देखण्या भाषेत, लिहिले की पहारेकरी ओशाळला आणि त्याने ते पत्र राजदूताच्या हाती दिले. म्हणजे माझ्या पात्राने काय करायचे, हे परस्पर ठरून गेले होते. तोवर राज्याचा नकाशा आणि दोन घराण्यांमधले वैर यांवर आमची कित्येक दिवस चर्चा झालेली असल्यामुळे कथा सोडून देणेही जड गेले. असे अनुभव पुढेही येत राहिले, आणि त्या प्रत्येक वेळी नमुना उत्तमच होता.

मशमध्ये हे आधीच दिसते. 1989 मध्ये जेम्स ॲस्पनीस यांनी तयार केलेल्या टायनीमड या मजकुरातून खेळायच्या ऑनलाइन खेळाने लढाई आणि गुण बाजूला ठेवून गप्पांना व जग उभारण्याला महत्त्व दिले, आणि मश त्याच परंपरेतले आहेत. त्यामुळे खानावळ, चौक, बंदर अशा सार्वजनिक खोल्यांत कोणीतरी खेळत असते आणि त्यांच्या पोझ, म्हणजे पात्राची कृती आणि बोलणे सांगणारा मजकूर, आपल्याला वाचता येतात. कोण दुसऱ्याच्या वाक्याला प्रतिसाद देतो, कोण नवख्या पात्राला बोलायला जागा करून देतो, हे दोन-तीन फेऱ्यांत लक्षात येते. किमान माझा अनुभव तरी असाच आहे. इथेही अडचणी आहेतच: पात्राला मंजुरी मिळेपर्यंत थांबावे लागते, त्या जगाची माहिती वाचावी लागते, आणि गर्दीच्या सीनमध्ये आपली पाळी उशिरा येते. पण हा वेळ जोडीदार पारखण्यात जातो, म्हणून मला तो खटकत नाही.

तुमचा कल याच बाजूला असेल, तर पहिल्याच दिवशी कोणाला दीर्घ कथेचे विचारू नये. एक सीन पूर्ण खेळावा, आणि ज्याच्या पोझमध्ये तुमच्या पात्राची दखल घेतलेली दिसली, त्याला नंतर पेज करून (खाजगी संदेश पाठवून) पुढच्या सीनची वेळ विचारावी.