जुने चित्र घ्यायचे तर हमिंगबर्डचे की शंखाचे?

एकोणिसाव्या शतकातील निसर्गचित्रांचे एखादे मूळ पान संग्रही असावे असे ज्यांना वाटते, त्यांनी दोन मालिका शेजारी ठेवून पाहाव्यात: इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गोल्ड यांचा 1849 ते 1861 या काळात निघालेला, 360 चित्रांचा हमिंगबर्डांवरचा पाच खंडांचा ग्रंथ, आणि इंग्रज शंखतज्ज्ञ लव्हेल रीव्ह यांनी 1843 मध्ये सुरू केलेली, त्यांच्या निधनानंतर सॉवर्बी यांनी 1878 मध्ये पुरी केलेली शंख-शिंपल्यांची वीस खंडांची मालिका. दोन्हींतील चित्रे शिळाछापाची असून हाताने रंगवलेली आहेत. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात.

हमिंगबर्डच्या गळ्यावरची झळाळी रंगद्रव्याची नसून पिसांतील अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते, आणि म्हणूनच कोन बदलला की तांबडा गळा काळपट दिसतो. ही झळाळी कागदावर यावी म्हणून गोल्ड यांनी सोन्याच्या वर्खावर पारदर्शक तैलरंग आणि वॉर्निश चढवण्याची पद्धत वापरली. पान उजेडात तिरके धरल्याशिवाय हे काम कळत नाही, त्यामुळे नुसत्या फोटोवरून खरेदी करू नये. पक्ष्यांच्या ढबीवर मात्र फार विसंबू नये, कारण गोल्ड यांनी जिवंत हमिंगबर्ड प्रथम पाहिला तो 1857 मध्ये अमेरिकेत, म्हणजे ग्रंथ निघू लागून आठ वर्षे झाल्यावर.

याउलट शंखाचा आकार प्राणी मेला तरी बदलत नाही, आणि रीव्ह यांच्यापुढे शंखसंग्राहक ह्यू क्युमिंग यांचा अफाट संग्रह होता. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 1650 मधील शंखचित्राचे वेटोळे छापताना उलटे झाले होते. रीव्ह यांच्या चित्रांत तो दोष नाही. नुसत्या कवचावरून जाती ओळखायला ही चित्रे फार उपयोगी आहेत, पण आतला मृदुकाय जीव त्यांत जवळपास नाहीच.

प्रत्यक्ष नमुन्यांचा विचार असेल, तर पेंढा भरलेला हमिंगबर्ड घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे; या कुळातील सर्व जातींच्या व्यापारावर साइट्स या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराचे नियंत्रण आहे. शंखांपैकीही नॉटिलससारख्या काही जातींना भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कायद्याने ठेवता येण्याजोगे शंखही ओकच्या कपाटात ठेवू नयेत, कारण त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने कवचावर पांढरी भुकटी धरते आणि ते झिजत जाते.

भिंतीवर एकच पान लावायचे असेल तर मी गोल्ड निवडेन, अभ्यासासाठी रीव्ह.