जुन्या घरात आरसीसीबी: पावसाळा-हिवाळा दोन्ही बघून झाल्यावर लिहितोय

ग्वाल्हेरला लश्कर भागात आमचं घर आजोबांच्या काळातलं, वायरिंग ज्याला जसं जमलं तसं वाढवत नेलेलं. अशा घरात आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) लावू नका, सारखी पडेल, म्हणजे आपोआप बंद होईल, असं दुकानदारापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे सांगत होते. पडली, खरंच पडली, पण दर वेळी मागे खरं कारण निघालं.

घेतली ती टू पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी), ४० अँप, ३० मिलिअँप. ४० म्हणजे ती किती करंट वाहू शकते, जीव वाचवणारा आकडा ३० चा. फेजमधून गेला तेवढा करंट न्यूट्रलमधून परत येतोय ना, एवढंच ती बघते, मधे कुठे गळाला, गीझरच्या बॉडीतून, ओल्या भिंतीतून किंवा माणसातून, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडते. एमसीबीला (लोड फार वाढला की लाइन तोडणारा स्विच) हे कळतच नाही, ती १६ अँपची असेल तर त्याच्यावर लोड गेल्याशिवाय हलणार नाही आणि माणूस जायला अँपचा दहावा भागसुद्धा पुरतो. त्यामुळे "एमसीबी आहे ना घरात" असं कोणी म्हणालं तर मला खरंच काळजी वाटते. अर्थात ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट आरसीसीबी बघत नाही, त्यासाठी एमसीबी लागतेच, आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर हिलाही कळत नाही.

मेन बोर्डातलं जोडकाम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घेतलं, मीटरकडून येणारी लाइन मेन स्विच पाडला तरी जिवंतच असते. बाकीची शोधाशोध माझी. सुरुवातीला ती टिकेचना, कारण इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल जुन्या पट्टीवर, म्हणजे आरसीसीबीच्या अलीकडेच परत जात होता, तिच्यातून परत येतच नव्हता. तो पलीकडच्या पट्टीवर घेतला आणि प्रश्न मिटला. जुन्या घरात निम्म्या तक्रारी याच असणार असं माझं मत झालंय.

मग पावसाळ्यात रात्री पडायला लागली. एकेक एमसीबी पाडून बघितली तरी पडायचीच, आणि इथेच बरेच जण कंटाळून आरसीसीबी काढून टाकतात. पण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि तो ओल्या भिंतीला कुठे टेकला असेल तरी आरसीसीबी पडते. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, एकेक न्यूट्रल पट्टीवरून सोडवत गेलो तेव्हा अंगणाकडच्या बोर्डात सापडलं: डबीत पाणी उतरलेलं, वायरीचं कव्हर चुरा होऊन पडलेलं.

सगळ्यात मोलाचा अनुभव गीझरचा. आई बरेच दिवस म्हणत होती की बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. जानेवारीतल्या थंडीत गीझर लावला की पाच-दहा मिनिटांनी आरसीसीबी पडायला लागली. प्लग काढला, पाणी रिकामं केलं, एलिमेंट बाहेर घेतलं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बोटभर जाड, तो खरवडला तर खाली नळीला केसाएवढी चीर. थंड असताना मल्टिमीटर काहीच दाखवत नव्हता, तापल्यावर चीर उघडायची. एलिमेंट आणि गॅस्केट नवीन घातलं. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँप घेतो, तेव्हा १६ अँपचं सॉकेट आणि जाड वायर हवीच. शिवाय अर्थिंगचा खड्डाही उकरून नीट केला. अर्थिंग चांगलं असलं की गळती सुरू झाल्या झाल्या आरसीसीबी पडते, नाहीतर ती कोणाचा तरी हात लागायची वाट बघते. आमच्याकडे मे महिन्यात जमीन कोरडी ठणठणीत होते, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं.

त्रास एकच, आणि तो मोठा आहे: पूर्ण घराला एकच असल्यामुळे बाहेरगावी असताना पडली तर फ्रिज बंद. म्हणून आता गीझर आणि बाथरूमची लाइन वेगळ्या आरसीबीओवर घेणार आहे, त्यात एमसीबी आणि गळतीची सोय एकत्रच असते. वॉशिंग मशीन किंवा इन्व्हर्टर एसी असेल तर टाइप ए (इलेक्ट्रॉनिक उपकरणांतली गळतीही ओळखणारी) आरसीसीबी मागा, दुकानात न विचारता साधी, 'टाइप एसी' नावाची हातात देतात. आणि टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबाच, मी बिल भरायच्या दिवशी दाबतो.