मजुरीवर की मटेरियलसकट? एकाच गल्लीतल्या दोन घरांचा हिशोब

कराडजवळ मलकापूरच्या एकाच गल्लीत आमच्या कुटुंबाची दोन घरं झाली. पहिलं आमचं, मजुरीच्या ठेक्यावर: सिमेंट, सळई, वीट, खडी, क्रश सँड सगळं आम्ही आणलं, ठेकेदाराची फक्त माणसं. ते उभं राहिल्यावर वर्षभरात समोरच भाच्याचं आणि भाचेसुनेचं घर सुरू झालं. त्यांनी मटेरियलसकट दिलं. चौरस फुटाचा एक दर ठरला आणि चावी हातात द्यायची जबाबदारी ठेकेदाराची. आता माझ्या नणंदेच्या शेजारचं एक जोडपं भूमिपूजनाच्या तयारीत आहे आणि दर रविवारी फोन येतो, "काकू, नक्की काय परवडतं?" एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक सांगते. आम्ही दोघं आणि भाचा-भाचेसून, दोन्ही जोडपी पुण्यात नोकरीला. कराड तीन-साडेतीन तासांवर, म्हणजे बांधकाम बघायचं ते शनिवार-रविवारी. फरक एवढाच की आमचे सासरे कराडातच होते, रिटायर झालेले आणि ठणठणीत. भाच्याकडे गावात कुणी नव्हतं. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण दर, बिलं आणि ब्रँड यांपेक्षा या एका गोष्टीनं जास्त फरक पडला.

आमचा मजुरीचा दर चौरस फुटाला ३८० रुपये होता: खोदाईपासून गिलाव्यापर्यंत, सेंट्रिंग धरून. प्लंबिंग, वायरिंग, फरशी, रंग यांचे ठेके वेगळे. भाच्याचा दर १,९५० रुपये, टॅक्ससकट, रंगापर्यंत सगळं. हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही, तरी लोक नेमके तेच ठेवतात.

चौरस फूट म्हणजे कुणाचा फूट? भाच्याच्या नकाशावर १,१८० फूट होते. बिलात १,३४२ लागले. पोर्चचा स्लॅब, जिन्यावरचा स्लॅब, छज्जे हे सगळं "स्लॅब एरिया" या एका शब्दात बसत होतं आणि करारात तोच शब्द होता. १६२ फूट गुणिले १,९५०, म्हणजे ३ लाख १५ हजार ९०० रुपये. ठेकेदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या धंद्यात मोजणी तशीच होते. पण सही करताना कुणी विचारलं नाही. मजुरीतही हाच प्रश्न येतो, फक्त तिथे जास्तीचा फूट ३८० रुपयांना पडतो.

मग पाया. कृष्णाकाठची काळी माती किती खोल आहे हे खणल्याशिवाय कळत नाही. त्यांच्या दरात पाच फूट खोदाई धरलेली होती, मुरूम लागला आठ फुटांवर. वरचे १ लाख १० हजार. आमच्याकडेही तेवढंच खणावं लागलं, पण आम्ही जेसीबीचे तास आणि जास्तीचं काँक्रीट सरळ मोजून दिलं. करार करण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघा. जेसीबीला अर्धा दिवस लागतो.

फरशीचा "बेसिक रेट", म्हणजे ठेकेदारानं दरात धरलेली फरशीची किंमत, हा तिसरा खड्डा. करारात ४५ रुपये होता. भाचेसूनबाईंना दुकानात जी आवडली ती ६८ ची. वरचा फरक त्यांचा, साधारण २५ हजार. यात कुणाची चूक नाही, पण ४५ च्या फरशा दुकानात कुठल्या कोपऱ्यात ठेवलेल्या असतात ते आधी बघून या. सेप्टिक टँक आणि जमिनीतली टाकी दरात धरलेली नव्हती, त्याचे १ लाख ४० हजार. सगळं मिळून त्यांचं घर २९ लाखांच्या आसपास गेलं, म्हणजे नकाशातल्या फुटाला २,४५० रुपये.

आमची सगळी बिलं मिळून २३ लाख ८० हजार झाली, टाक्या धरून, १,२०० फुटांना. फुटाला १,९८३. नातेवाईक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, मजुरीत किती वाचले. थांबा जरा. चौदा महिन्यांत आमच्या पुणे-कराड ४० फेऱ्या झाल्या, डिझेल-टोलचे फेरीला तीन हजार. म्हणजे १ लाख २० हजार, फुटाला १०० रुपये. सासरे रोज सकाळी साडेआठला साइटवर असायचे. त्यांच्या जागी महिना १५ हजारांचा माणूस ठेवला असता तर २ लाख १० हजार, फुटाला आणखी १७५. आमचा खरा दर २,२५८ झाला. फरक उरतो फुटाला १९० रुपयांचा. कमी नाही, पण कुणी सांगतं तसा निम्म्याचाही नाही. शिवाय त्यांचं घर नऊ महिन्यांत उभं राहिलं. आमच्याकडे चैत्रातल्या जत्रेला गेलेली गँग वैशाख संपता संपता परत आली.

टॅक्सचं थोडक्यात. स्वतःच्या एकट्या घरासाठी निव्वळ मजुरीचा ठेका दिला तर त्यावर जीएसटी लागत नाही, ती सूट आहे. मटेरियलसकट काम देणारा नोंदणीकृत ठेकेदार १८ टक्के लावतो, म्हणून दर ऐकताना "टॅक्स धरून का?" हे पहिलं विचारा. मजुरीत तुम्ही माल घेता त्यावर टॅक्स भरताच. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा मजुरीवर घर बांधणाऱ्यांना आता हलका फायदा. मटेरियलवाल्यानं त्याआधी दिलेलं जुनं कोटेशन असेल तर ते परत मागवा.

सिमेंट कुणाचं, त्यावर सगळं

दोन्ही ठेक्यांतला मोह वेगवेगळा असतो, आणि तो माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून नसतो. मजुरीवाल्याला तुमचं सिमेंट फुकट असतं. त्याचा पैसा जातो दिवसांत. म्हणून त्याला काम उरकायचं असतं: माल पातळ करून पटकन ओतायचा, उरलेला गिलावा संध्याकाळी तसाच टाकून जायचा, पोतं फाडलं की अर्धं उघडं ठेवायचं. आमची १४ पोती जुलैच्या पावसात दगड झाली, कारण ती फळ्यांवर न ठेवता थेट जमिनीवर रचली होती. मटेरियलवाल्याचं उलट असतं. सिमेंट त्याच्या खिशातून जातं, म्हणून ते जपून वापरलं जातं. कधीकधी फारच जपून.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं स्लॅबच्या दिवशी. एम-२० ही काँक्रीटची प्रत म्हणजे एकास दीडास तीन: एक पोतं सिमेंट, दीडपट वाळू, तिप्पट खडी. भाच्याच्या स्लॅबला आम्ही सगळे गेलो होतो. मिक्सरजवळ माप म्हणून घमेली होती, आणि घमेलं भरणारी प्रत्येक बाई वेगळं भरते. भाचेसूनबाई शिक्षिका. त्यांनी अर्धा तास नुसतं मोजलं आणि मग सरळ जाऊन म्हणाल्या, "दादा, खडीची घमेली बाराच्या जागी पंधरा जातायत." ठेकेदार हसला, पण बारावर आला. पाण्याचं त्याहून वाईट. पाइप मिक्सरच्या तोंडात, मुकादमाचा डोळा हेच माप. एका पोत्याला २५ ते २७ लिटर पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जास्त पाणी घातलं की माल वाहता होतो, पसरायला सोपा जातो आणि वाळल्यावर कमजोर. बाईंनी कोपऱ्यातली २० लिटरची रंगाची बादली उचलली आणि दिवसभर तिथून हलल्या नाहीत. त्या दिवशी जेवणही मिक्सरशेजारीच झालं.

आमच्या स्लॅबला घमेल्यांवरून भांडण झालं नाही, कारण सिमेंट आमचंच होतं. भांडण झालं व्हायब्रेटरवरून, म्हणजे ओतलेलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या यंत्रावरून. गँगचा एकच होता, दुपारी बंद पडला आणि मुकादम म्हणाला, "सळईनं हलवतो की." सासऱ्यांनी काम थांबवून बाजारातून भाड्यानं दुसरा आणवला. दोन तास गेले, मुकादमाचं तोंड फुगलं.

सळईचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सासऱ्यांनी लहानपणी अनुभवलाय. त्यामुळे कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बांधणारी कडी, हा त्यांचा विषय. रिंगेची टोकं १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या पोटात वळलेली हवीत. नुसती काटकोनात मोडली की धक्क्यात उघडतात. फिटरला काटकोन सोपा पडतो, हात एकदाच मारावा लागतो. मजुरीत फिटर वेळ वाचवतो. मटेरियलसकट असेल तर हूकची चार बोटं सळईसुद्धा वाचते. आमच्याकडे सासऱ्यांनी ढिगातल्या रिंगा परत वळवून घेतल्या. भाच्याकडे फोटो आले होते व्हॉट्सॲपवर, लांबून काढलेले, त्यात रिंगा दिसतात, हूक दिसत नाहीत. फोटो मागायचा तर जवळून मागा, टेप लावून. कव्हर ब्लॉकचाही, म्हणजे सळई फळीपासून उचलून धरणाऱ्या ठोकळ्यांचा: स्लॅबखाली २० मिलिमीटर, कॉलमला ४०. सळई फळीवर टेकलेली असेल तर काही वर्षांत गंज छतातून डोकावतो.

माल स्वतः घेणार असाल तर दोन मापं पाठ करा. बारा मिलिमीटरची बारा मीटरची सळई १० किलो ६६० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे, आणि ट्रक वजनकाट्यावर भरलेला-रिकामा दोन्ही वेळा न्या. ब्रास म्हणजे १०० घनफूट. क्रश सँडचा डंपर "तीन ब्रास" म्हणून आला तेव्हा सासऱ्यांनी आतून मोजला: लांबी १२ फूट, रुंदी सात, उंची तीन. २५२ घनफूट, म्हणजे अडीच. ड्रायव्हर म्हणाला, वरचा ढीग धरा. सासऱ्यांनी फळी फिरवून ढीग सपाट करायला लावला. पैसे अडीचचेच दिले, आणि पुढची ट्रिप भरून आली.

ढोबळ हिशोब म्हणून फुटाला साधारण चार किलो सळई आणि ०.४ पोतं सिमेंट धरतात. १,२०० फुटांना जवळपास पावणेपाच टन आणि ४८० पोती. खरा आकडा आरसीसी डिझायनरच्या ड्रॉइंगमधून काढा, पण मटेरियलवाला तीन टनांत घर बसवतो म्हणत असेल तर त्याला बसवून चहा द्या आणि ड्रॉइंग उघडा.

पाणी मारण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. मजुरीच्या ठेक्यात ते बहुतेक मालकाकडेच असतं. आमच्या स्लॅबवर सिमेंटची आळी करून पाणी साठवलं होतं, आणि सासरे दोन वेळा जाऊन भरायचे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) दहा, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पीपीसीला १४ दिवस तरी. भाच्याच्या करारात पाणी ठेकेदाराकडे होतं. पाचव्या दिवशी शेजारच्या काकांनी फोन केला, "स्लॅब वाळून पांढरा पडलाय रे." गल्लीतल्या एका मुलाला महिन्याला दोन हजार देऊन काम मिटवलं. करारात नसलेला हा सगळ्यात स्वस्त खर्च होता.

पैसे देण्याच्या तक्त्याकडेही बघा. भाच्याचा तक्ता पुढे धावणारा होता: बुकिंगला दहा टक्के, जोत्याला वीस, स्लॅबला तीस, आणि गिलावा संपेपर्यंत ८५ गेलेले. बँक हप्ता देते ती झालेलं काम बघून, त्यामुळे मधला फरक तुमच्या खिशातून. जोते तपासणी झाल्यावरच पुढचा हप्ता असं लिहून घ्या. मजुरीत आम्ही दर शनिवारी झालेलं काम मोजून देत होतो, ठेकेदार आमच्या पुढे कधी गेला नाही. मात्र आमचा प्रत्येक शनिवार त्यात गेला.

तर त्या जोडप्याला मी काय सांगितलं? तुमच्यापैकी कुणाचे आई-वडील, भाऊ, कुणीतरी रोज दोन तास साइटवर उभं राहणारं असेल, आणि त्याला भांडायला लाज वाटत नसेल, तर मजुरीवर द्या. तसं कुणी नसेल तर मटेरियलसकट द्या, पण वाचणारा त्रास फुकट आहे असं समजू नका. आपला स्वतःचा, ठेकेदारानं न सुचवलेला इंजिनिअर ठेवा आणि त्याला फुटिंग (कॉलमखालचा पाया), जोते, स्लॅबआधीची सळई आणि स्लॅबचा दिवस एवढ्या वेळा बोलवा. मधला मार्गही आहे: सिमेंट आणि सळई तुमची, बाकी सगळं त्याचं. मला तो सगळ्यात शहाणा वाटतो. फक्त ठेकेदार नाखूश होतात, कारण त्यांची कमाई बरीचशी याच दोन वस्तूंत असते. ते नाखूश झाले की कळतं कुठे होती ती.

दोन्ही घरं पहिल्या पावसात गळली. आमचं पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यात, त्यांचं जिन्याच्या खिडकीवर. आमचा गवंडी म्हणाला, वॉटरप्रूफिंगचं केमिकल तुम्ही आणलं होतं. केमिकलवाला म्हणाला, गवंड्यानं नीट लावलं नाही. दोघंही काही प्रमाणात खरं बोलत असावेत. शेवटी १८ हजार खर्चून आम्हीच केलं. भाच्यानं मात्र शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवले होते, ते भाचेसूनबाईंच्या हट्टामुळे. जुलैत त्यांनी गळतीचा व्हिडिओ पाठवला आणि तिसऱ्या दिवशी दोन माणसं शिडी घेऊन हजर होती.