चार वर्षं झेडएफएस (डिस्कवरच्या फायली साठवणारी, सांभाळणारी फाइल सिस्टीम) वापरतोय, तर सांगतो

आर्किटेक्टच्या ऑफिसात सर्व्हर बघतो मी, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर. आधी यूएफएस ही जुनी फाइल सिस्टीम होती, म्हणजे पार्टिशन पाडतानाच ठरवायचं ड्रॉइंग्जना किती नि अकाउंट्सला किती, आणि तो अंदाज हमखास चुकायचा, एक व्हॉल्यूम ९८ टक्के भरलेला आणि शेजारचा अर्धा रिकामा, मग रात्री थांबून सगळा डेटा इकडून तिकडे हलवत बसा.

झेडएफएसमध्ये ही कटकटच गेली. चार डिस्क जोडून एक रेड-झेड २ पूल (एकच मोठा साठा, ज्यात दोन डिस्कइतकी जागा दुरुस्तीच्या जादा माहितीला, म्हणजे पॅरिटीला जाते) केला, दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा शाबूत, आणि त्यातून डेटासेट, म्हणजे हवी तशी मर्यादा लावता येणारे कप्पे, काढले. ड्रॉइंग्जचा कोटा ५०० जीबीचा ८०० करायचा तर एक कमांड, लोक काम करत असतानाच.

पण माझा खरा जीव जडला तो चेकसमवर, म्हणजे डेटाच्या प्रत्येक ब्लॉकसाठी (तुकड्यासाठी) ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्यावर. स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणी) चालवून झेडपूल स्टेटस या कमांडने बघितलं तर तिसऱ्या डिस्कसमोर चेकसमच्या रकान्यात १४ चुका दिसल्या, रीड-राइटच्या चुका दोन्ही शून्य, म्हणजे डिस्क स्वतः काही बोलतच नव्हती आणि डेटा मात्र चुकीचा येत होता. साटा केबल बदलली, काउंटर क्लिअर केला, परत स्क्रब, शून्य! झेडएफएसने पॅरिटीवरून ब्लॉक आधीच दुरुस्त केले होते. जुन्या सिस्टीमवर हे कळलंच नसतं हो, ड्रॉइंग उघडेना तेव्हा कळलं असतं.

स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक क्षणी डेटा जसा होता तशी गोठवलेली प्रत, ती पण भारी. एकदा ज्युनियर घाबरून आली, "सर, अख्खं फोल्डर उडालं माझ्याकडून." डॉट-झेडएफएस फोल्डरमधल्या दुपारी १ च्या स्नॅपशॉटमधून उचलून दिलं, पाच मिनिटं लागली नसतील.

आता त्रास कुठे होतो ते. जुन्या फायली उडवल्या तरी जागा मोकळी होत नाही, कारण स्नॅपशॉटनी ती धरून ठेवलेली असते, आणि प्रत्येक स्नॅपशॉटसमोरचा यूज्ड आकडा फक्त त्या एकट्याकडे असलेल्या ब्लॉक्सचा असतो, त्यामुळे बेरीज जुळत नाही, मी पहिल्यांदा तासभर डोकं धरून बसलो होतो. डेटासेटची यूज्ड-बाय-स्नॅपशॉट्स ही नोंद बघा, खरा आकडा तिथे मिळतो. पूल ८० टक्क्यांच्या वर नेऊ नका, स्लो होत जातो. रॅम भरपूर द्या, डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवण्याची सोय) मात्र चालूच करू नका. रेड-झेडमध्ये एकेक डिस्क वाढवायची सोय ओपन झेडएफएस (झेडएफएसचा मुक्त प्रकल्प) २.३ मध्ये, म्हणजे थेट २०२५ साली आली, ती आधी हवी होती, आणि वाढवल्यावरही जुना डेटा परत लिहिला जाईपर्यंत जुन्याच पॅरिटीच्या प्रमाणात राहतो.

पाचात साडेचार. अर्धा त्या डिस्क वाढवण्याच्या उशिरापायी कापला.