प्लेफेअर डिस्प्ले: मोठा वापरा, नाहीतर वापरू नका

मुखपृष्ठाच्या कामात इंग्रजी शीर्षकासाठी माझा हात आधी प्लेफेअर डिस्प्लेकडे जातो. क्लाउस एगर्स सोरेन्सन या डॅनिश डिझायनरचा हा फॉन्ट २०११ साली आला. ओपन फॉन्ट लायसन्समुळे तो फुकट आहे आणि व्यावसायिक कामालाही बिनदिक्कत चालतो.

त्याचं मूळ अठराव्या शतकात, जॉन बास्करव्हिल या इंग्रज मुद्रकाच्या अक्षरांच्या काळात आहे. रुंद बोरू मागे पडून टोकदार निब आली, तिच्यावर दाब दिला की रेघ फुगायची आणि हात हलका केला की केसाइतकी बारीक व्हायची. हा जाड-बारीक खेळ प्लेफेअरमध्ये आहे, पण बोडोनी या फॉन्टसारखा कडक, भूमितीतून आल्यासारखा नाही. म्हणूनच कवितासंग्रहालाही तो शोभतो. इटॅलिकमधला अँपरसँड (&) तर इतका देखणा आहे, की दोन लेखकांची नावं जोडायची असली की मला आनंदच होतो.

एक्स-हाइट, म्हणजे छोट्या x ची उंची, मोठी आणि खाली उतरणारे दांडे आखूड. त्यामुळे दोन-तीन ओळींचं शीर्षक अगदी जवळजवळ बसवता येतं आणि त्याचा एकसंध ठोकळा तयार होतो. मोठ्या आकारात अक्षरांमधलं अंतर थोडं कमी केलं की तो आणखी खुलतो.

मजकुराला मात्र हा लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बारा पॉइंटला बारीक रेघा विरतात, फक्त जाड उभ्या रेघा उरतात आणि परिच्छेद कुंपणासारखा दिसतो. २४ पॉइंटच्या खाली मी जात नाही. छपाईत काळ्यावर पांढरं शीर्षक हवं असेल तर आणखी जपा. पार्श्वभूमी चार रंगांच्या मिश्रणातून आली आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, जरा हललं, की त्या रेघांत शाई भरते. तिथे मी बोल्ड घेते आणि पार्श्वभूमी एकाच काळ्या शाईची ठेवते.

आकड्यांकडेही लक्ष द्या. मुळात ते जुन्या वळणाचे, वर-खाली होणारे आहेत. वाक्यात छान वाटतात, पण कॅपिटल अक्षरांच्या शीर्षकात साल लिहिलं की ते घसरल्यासारखं दिसतं. ओपनटाइपच्या, म्हणजे फॉन्टमधल्या जादा सोयींच्या, पर्यायांत लायनिंग (सारख्या उंचीचे) आकडे आहेत, ते निवडा.

रेग्युलरपेक्षा हलकं वजन, म्हणजे आणखी बारीक रेघांची आवृत्ती, प्लेफेअर डिस्प्लेमध्ये नाही. ते हवं असेल, किंवा लहान आकारात हीच अक्षरं वापरायची असतील, तर नंतर आलेला नुसता ‘प्लेफेअर’ पाहा. तो आकाराप्रमाणे रेघांची जाडी बदलू शकतो.

देवनागरी अक्षरं यात नाहीत. द्विभाषिक मुखपृष्ठावर रोझा वन हा देवनागरी फॉन्ट सुचवला जातो, त्यातही जाड-बारीक फरक टोकाचा आहे. पण तो एकाच, खूप भरदार वजनात मिळतो आणि प्लेफेअर रेग्युलरला झाकून टाकतो. त्याच्याशेजारी प्लेफेअरचं ब्लॅक वजनच टिकतं. रेग्युलरच ठेवायचं असेल तर मी मध्यम वजनाची, साध्या वळणाची देवनागरी घेते.