गव्हाऐवजी गोवऱ्या

गेल्या शनिवारी मारोतीच्या देवळापुढं रोडग्याचा कार्यक्रम केला. ७५ पानं. आचारी शेजारच्या गावचे, चौघं जण.

रोडगे एक नंबर. तेल-पीठ लावून चार पाऱ्या एकावर एक, मग गोळा, मग गोवऱ्यांच्या आरात. पोरं घाई करत होती, पण जाळ बसून आर पुरता फुलेपर्यंत आचाऱ्यांनी एकही रोडगा टाकू दिला नाही. त्यामुळं आतून कच्चा एकही निघाला नाही. फडक्यानं राख झटकून मुठीनं फोडला की पापुद्रे सुटे, वर तूप. वांग्याची भाजी झणझणीत. वरण मात्र पातळ होतं अन् दुसऱ्या पंगतीला गारच आलं. हे सुधारायला पाहिजे.

आचारी फक्त मजुरी घेतात, शिधा आपला. आम्ही घरटी दोन किलो गहू ठरवला होता. एका घरचं सोयाबीन औंदा पार गेलं. त्या घरची बाई गव्हाऐवजी पाटीभर गोवऱ्या घेऊन आली अन् बाजूलाच उभी राहिली. मुख्य आचारी म्हणाला, "आणा काकू इकडं. नुसता गहू काय तसाच खाता येते? आर तर गोवऱ्याचाच लागते." अन् तिच्याच गोवऱ्या त्यानं आधी रचल्या.

मी ३१ वर्षं इतिहास शिकवला. जुन्या ग्रीसमधल्या स्पार्टातही अशा पंगती असत, त्यांना सिसिशिया म्हणत. प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो, एका पंगतीला पंधराएक माणसं, अन् प्रत्येकानं दरमहा जवाचं पीठ, द्राक्षारस, चीज, अंजिरं आणायची. ज्याला वाटा देता येईना, त्याचं नागरिकत्वच जाई. ॲरिस्टॉटलला हे पटलं नव्हतं. क्रीट या ग्रीक बेटावर पंगतीचा खर्च सार्वजनिक उत्पन्नातून होई, ती रीत त्याला बरी वाटली. एका घरच्या माणसांसाठी त्यानं खारोन्दास या जुन्या ग्रीक कायदेकर्त्याचा एक शब्द दिलाय, 'होमोसिप्युओई', म्हणजे एकाच पिठाच्या पेटीतलं खाणारे. आपण एका चुलीचे म्हणतो. वर्गात हा शब्द मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल. तो त्या आचाऱ्याच्या तोंडून, त्याला ठाऊक नसताना, मला पहिल्यांदा नीट समजला.

मजुरी वाजवी आहे, घासाघीस करू नका. आठवडाभर आधी सांगा. गोवऱ्या कोरड्या ठेवा, अन् वरणाचं पातेलं दुसऱ्या पंगतीपर्यंत आरावर राहील याकडं आपला एक माणूस बसवा. पुढच्या वर्षी यांनाच बोलावणार.